एकेचाळीस नंबरची जोडणी

हेडक्लार्कने कागद बाहेरून काचेला दाबून धरला होता आणि त्यावरच्या एकाच ओळीवर तो बोट आपटत होता. काचेच्या आतल्या बाजूला सुईकाका सूक्ष्मदर्शकावर वाकलेले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा अंगरखा, तोंडाला मास्क, उघडे फक्त डोळे, आणि तेही भिंगाला लावलेले. उजव्या हातात सुई होती आणि सुईच्या टोकावर दीड मिलिमीटर लांबीची काचेची पट्टी.

सुईच्या टोकावर काही असताना मान वर करायची नाही, हा नियम सुईकाकांनी आपला आपणच घालून घेतला होता. सत्तावीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. एकदा इमारतीत आगीची घंटा वाजली तेव्हासुद्धा नाही. ती आग नव्हती, नुसती तालीम होती, पण हे त्यांना नंतर कळलं.

"अहो सुईकाका!" हेडक्लार्कने शेवटी भिंतीवरचं बोलायचं बटण दाबलं. "मान वर करा की जरा! बदली आलीय, बदली! अकरा वर्षांनी आलीय. ही हुकली तर पुढची बदली थेट वरच्या ऑफिसातून येईल!"

सुईकाकांनी मान वर केली.

कागदावर लिहिलं होतं की, तापमापी तपासणी केंद्रात बदली मंजूर करण्यात येत आहे, एकोणतीस तारखेस कार्यमुक्त करावे, आणि तीस तारखेपर्यंत रुजू न झाल्यास हा आदेश रद्द व सदर पद कायमचे समाप्त समजावे. सुईकाकांनी ते दोनदा वाचलं.

"वाचलंत?"

"वाचलं."

"मग हसा की!"

"हसतोय. मास्कच्या आत."

मग ते पुन्हा भिंगावर वाकले, पट्टी जागेवर बसवली, गोंदाचा थेंब सोडला, जांभळा दिवा लावला आणि तोंडातल्या तोंडात सात आकडे मोजले. वहीत लिहिलं: जोडणी क्रमांक एकेचाळीस. लिहिताना ते काहीतरी गुणगुणत होते. त्या खोलीत आजवर पंख्याखेरीज कुणीही गुणगुणलेलं नव्हतं.

सुईकाकांचं काम नेमकं काय, हे त्यांच्या बायकोलाही लग्नाच्या वीस वर्षांत नीट सांगता आलेलं नव्हतं. ती विचारणाऱ्यांना "ते बारीक काम करतात" एवढंच सांगायची. ते खोटं नव्हतं. मिठाच्या खड्याहून लहान अशी एक लेसर चिप असते. वीज दिली की ती उजळते, वीज तोडली की विझते. ही उघडझाप हाच निरोप. काचेच्या तंतूतून जगभर धावणारे सिनेमे, नकाशे, पगारपत्रकं, आणि रोज सकाळी न चुकता येणारे फुलांचे फोटो, सगळं काही या उघडझापीवर चालतं. जगाची फुलांची भूक वाढत होती, म्हणून उघडझाप आणखी वेगाने व्हायला हवी होती.

अडचण चिपची होती. ठरावीक वेगापर्यंत ती निमूट काम करायची, मग दमायची. वीज तोडली तरी उजेड रेंगाळायचा, वीज दिली तरी आळोखेपिळोखे देत उठायचा. जास्त वीज द्यावी तर तापायची, आणि तापली की आणखीच मंदावायची. थोडक्यात, सरकारी माणसाचे सगळे गुण तिच्यात होते, फक्त रजा टाकत नव्हती. सेकंदाला बत्तीस अब्ज उघडझापी, म्हणजे या लोकांच्या भाषेत बत्तीस गिगा, ही तिची मर्यादा. सव्वीसावरून बत्तिसावर यायला संस्थेला सहा वर्षं, दोन इमारती आणि तीन संचालक लागले होते.

सुईकाका या चिपच्या पुढ्यात काचेची पट्टी जोडायचे. पट्टीचं एक टोक सरळ कापलेलं, दुसरं तिरकं. सरळ टोक चिपकडे ठेवायचं आणि तिरकं बाहेर. बाहेरच्या टोकावर आपटलेला उजेड तिरक्या कापामुळे बाजूला निघून जातो. तो उलटा चिपमध्ये शिरला तर तिचं डोकं फिरतं, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. पट्टी चिकटवायचा गोंद जांभळ्या दिव्याखाली सात सेकंदांत घट्ट व्हायचा, आणि होता होता पट्टीला केसाच्या हजाराव्या भागाइतकं ओढून घ्यायचा. तेवढ्याने जोडणी वाया जायची. सुईकाका पट्टीला आधीच उलट्या बाजूला तेवढाच रेटा देऊन ठेवायचे आणि चार म्हणताना सुई अलगद सैल सोडायचे. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. याच कामासाठी संस्थेने एक यंत्र आणलं होतं. ते जमलं नाही म्हणून त्याच्याहून मोठं आणलं. दोन्ही आता कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून झोपलेली असत. काकांनी चार माणसांनाही शिकवून पाहिलं होतं. चौघांनाही काम आलं नाही, त्यामुळे चौघेही अधिकारी झाले.

त्या दिवशी दुपारी सुईकाकांनी जिन्याखाली उभं राहून बायकोला फोन लावला. ती नऊ तासांच्या अंतरावर, त्या तपासणी केंद्राच्याच गावात, इस्पितळात सिस्टर होती. तिच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून तिला येता येत नव्हतं, आणि पेन्शन सोडून यांना जाता येत नव्हतं. बदलीचा पहिला अर्ज केला तेव्हा लेक सहा वर्षांची होती. आता ती सतरा वर्षांची होती.

"अहो, खरं सांगताय ना?" बायको म्हणाली. "की मागच्यासारखं 'तत्त्वतः' मंजूर?"

"तत्त्वतः नाही गं. सही आहे, शिक्का आहे."

"शिक्का उलटा नाही ना, ते बघा आधी."

"अगं, मी काचेतून वाचलंय स्वतः."

"बरं बाई." तिने पलीकडे कुणाचं तरी ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमची लेक विचारतेय, बाबा घरी राहायला आले तर त्यांना चार्जिंगला कुठे लावायचं?"

सुईकाका इतके हसले की जिन्यावरून जाणारे दोघे थांबून बघायला लागले.

"आणि तिथे काम काय करणार तुम्ही?"

"थर्मामीटर तपासायचे. बर्फात घालायचा, शून्य दाखवतो का बघायचं. उकळत्या पाण्यात घालायचा, शंभर दाखवतो का बघायचं."

"आणि नाही दाखवलं तर?"

"तर नापास."

"अय्या, किती सोपं!" बायको म्हणाली. "असं काम जगात असतं?"

दुसऱ्या दिवशी एकेचाळीस नंबर तपासायला लावला. तपासणीचं काम मॅडमचं. मॅडम म्हणजे या प्रकल्पाच्या प्रमुख, वय चौतीस, डोळ्यांखाली वर्तुळं, आणि पदवी इतकी लांब की दारावरच्या पाटीवर ती दोन ओळींत मोडावी लागली होती. पडद्यावर आलेख निघायचा. डावीकडून सरळ येणारी रेघ बत्तिसाच्या आसपास घसरगुंडीवरून उतरावी तशी खाली यायची. या प्रकल्पातल्या आधीच्या चाळीस जोडण्यांनी हीच घसरगुंडी दाखवली होती.

एकेचाळिसाची रेघ तिसाशी जराशी वाकली, विचारात पडल्यासारखी थांबली आणि पुन्हा वर आली. ती अठ्ठावन्नापर्यंत गेली.

मॅडमनी केबल बदलली. मापनयंत्र बंद करून चालू केलं. शेवटी, विज्ञानात जे इतर सगळे उपाय थकल्यावर करतात, तेही केलं. यंत्राच्या डोक्यावर एक थापट मारली. रेघ अठ्ठावन्नावरच राहिली.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "काय केलंत तुम्ही?"

"मी? नेहमीचंच."

अर्ध्या तासात मोठे साहेब आले. ते संस्थेचे संचालक. प्रयोगशाळेकडे चार वर्षांत फिरकले नव्हते, त्यामुळे वाटेत दोनदा चुकले. त्यांनी काचेतून आत पाहिलं आणि बटण दाबून म्हणाले, "शाब्बास! कुणालाही जमलं नाही ते आपण करून दाखवलं. आता अशा दहा करा."

सुईकाकांनी दहा केल्या. नेहमीपेक्षा जपून केल्या, प्रत्येक पट्टी दोनदा तपासून लावली. दहाही रेघा बत्तिसाशी येऊन घसरल्या. आणखी दहा केल्या. त्याही बत्तीस. चौदा तारीख उजाडली, आणि हेडक्लार्क पुन्हा काचेपाशी आला. या वेळी कागद त्याने काचेला लावला नाही, हातातच ठेवला.

"साहेबांनी तुमचं कार्यमुक्तीचं पत्र अडवलंय," तो बटणावर बोट ठेवून म्हणाला. "एकेचाळिसाचं गूढ उकलेपर्यंत माणूस सोडू नये, असा शेरा मारलाय."

"पण तीस तारखेनंतर ते पदच जाणार आहे."

"तेही साहेबांना दाखवलं."

"मग?"

"म्हणाले, 'तर मग प्रश्नच मिटला.'"

सुईकाकांनी बायकोला दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं.

"आवाज असा का येतोय? बसलाय का घसा?"

त्यांनी सांगितलं. पलीकडे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजत गेली.

"मी कपाट घेतलंय हो," ती म्हणाली. "तुमच्या शर्टांना. खालच्या दोघांना बोलावून वर चढवून घेतलं. चढवताना भिंतीचा रंगसुद्धा गेला."

"अजून तेरा दिवस आहेत."

"असू देत. एक सांगू? मला वाट बघायचा त्रास नाही. अकरा वर्षं बघितली, आता हात बसलाय त्यात. पण या वेळी मी वाट बघणं सोडून दिलं होतं. आता पुन्हा धरायला होणार नाही माझ्याने."

ती रडली असती तर सुईकाकांना काहीतरी बोलता आलं असतं. ती म्हणाली, "जाते, सलाइन संपत आलीय पाच नंबरची," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले असताना सुईकाकांनी एकेचाळीस नंबरची जोडणी कपाटातून काढली आणि मोठ्या भिंगाखाली धरली. इतके दिवस सगळ्यांनी तिची रेघ पाहिली होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. रेघ इतकी सुंदर होती की जोडणी बघायचं कुणाला सुचलंच नाही.

पट्टी उलटी होती.

तिरकं टोक चिपकडे, सरळ टोक बाहेर. पहिल्या महिन्यात उमेदवारसुद्धा करत नाही अशी चूक. सत्तावीस वर्षांत सुईकाकांच्या हातून एकच चूक झाली होती, आणि ती कधी झाली तेही त्यांना लख्ख आठवलं. मान वर केली होती. मास्कच्या आत हसत होते.

त्यांना आधी शरम वाटली. मग, हळूहळू, फार बरं वाटायला लागलं. गूढ उकललं होतं! गूढ म्हणजे एका म्हाताऱ्या होत चाललेल्या कामगाराची हलगर्जी. अशा माणसाला कोण धरून ठेवील? चुकणाऱ्या माणसाला सगळं जग खुशाल थर्मामीटर तपासायला पाठवतं. ते तडक मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, माझी चूक झाली. एकेचाळिसाची पट्टी मी उलटी लावलीय. जी काय शिक्षा असेल ती द्या, आणि मला सोडा."

मॅडमच्या हातातला घास हातात राहिला. त्यांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग खुर्चीत मागे रेलून त्या छताकडे बघत राहिल्या.

"काका, झोपाळ्यावर बसलेल्याला झोका देताय असं समजा," त्या म्हणाल्या. "तो मागे येईल तेव्हा नेमका धक्का दिला तर काय होतं?"

"उंच जातो."

"आणि भलत्याच वेळी दिला तर?"

"पडतो."

"पट्टीच्या बाहेरच्या सरळ टोकावरून थोडासा उजेड परत चिपमध्ये जातो. आपण सगळे समजत होतो की तो तिला पाडतो. तुमच्या जोडणीत तो नेमका वेळेवर पोचतो. दमायच्या क्षणी तिला मागून झोका मिळतो. म्हणून ती अठ्ठावन्नापर्यंत जाते." त्यांचे डोळे भरून आले होते. "काका, ही चूक नाही हो. हा शोध आहे."

"असं म्हणू नका, मॅडम," सुईकाका काकुळतीला येऊन म्हणाले. "चूकच आहे. तुम्ही नीट बघा."

त्या आठवड्यात सुईकाकांना एकाच दिवशी, एकाच शिपायाच्या हातून, एकाच साहेबांच्या सहीची दोन पत्रं मिळाली. पहिल्यात म्हटलं होतं की, काचेची पट्टी उलट दिशेने बसवून आपण कामात गंभीर निष्काळजीपणा केला आहे, तरी आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. दुसऱ्यात म्हटलं होतं की, सदर निष्काळजीपणा संस्थेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा असून तो अन्य कोणासही करता येत नसल्याने आपली सेवा अपरिहार्य समजण्यात येत आहे.

"दोन्हींवर पोच द्या," हेडक्लार्क म्हणाला. "वेगवेगळ्या फायलींत जातात."

अन्य कोणासही करता येत नाही, हे खरंच होतं. उलट्या पट्ट्या लावायला झोपलेली दोन्ही यंत्रं प्लास्टिक काढून उठवली गेली. त्यांनी मिळून चाळीस जोडण्या केल्या. पट्टी केसाच्या हजाराव्या भागानेही सरकली तरी झोका भलत्या वेळी बसायचा आणि चिप बत्तिसाच्याही आधी कोसळायची. चाळीसपैकी एकही टिकली नाही. चारही अधिकाऱ्यांनी जुनं कसब आजमावून पाहिलं. त्यांच्यातल्या एकाने स्वतःचा हातमोजा चिकटवून घेतला.

मग साहेबांनी तोडगा काढला. अठ्ठावीस तारखेला बाहेरची समिती येणार होती. तिच्यासमोर सुईकाकांनी एक उलटी जोडणी करावी. जमली, तर प्रकल्पाला पाच वर्षं मुदतवाढ, आणि सुईकाकांनाही पाच वर्षं इथेच राखून ठेवायचं. नाही जमली, तर एकेचाळीस नंबर हा निव्वळ योगायोग ठरवून फाइल बंद करायची, आणि सुईकाकांनी एकोणतिसाला खुशाल जावं.

"न्याय्य आहे की नाही?" साहेबांनी विचारलं.

"अगदी," सुईकाका म्हणाले. पायरी उतरताना त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. जमवून दाखवा म्हणणारे साहेब त्यांनी पुष्कळ पाहिले होते. न जमण्याची मुभा देणारा हा पहिलाच.

सत्तावीस तारखेला संध्याकाळी मॅडम त्यांच्या टेबलाशी आल्या. दार लावून घेतलं.

"काका, तुमचं घर कुठे आहे ते मला माहीत आहे. अकरा वर्षांचे अर्ज मी वाचलेत. सगळे एकाच मजकुराचे आहेत, फक्त मुलीचं वय बदलत गेलंय." त्यांनी आवाज खाली आणला. "उद्या हात थोडा चुकला, तर मला कळेल. पण मी बोलणार नाही."

"आणि तुमचा प्रकल्प?"

"माझं मी बघेन. मला अजून नोकऱ्या मिळतात. उलटी पट्टी चालते एवढं तर आता मला कळलंय. आणखी आठ-दहा वर्षांत एखादं यंत्र ते करेलच."

सुईकाकांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी या इमारतीत कुणी दार लावून बोललं नव्हतं.

रात्रपाळीला निघण्यापूर्वी बायकोने फोन केला. सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे उद्या तुम्ही काम बिघडवायचं, एवढंच ना?"

"एवढंच. चार म्हणताना सुई सोडायची असते. मी दोनलाच सोडणार. गोंद ओढून घेईल, संपलं."

"कुणाचं नुकसान नाही ना?"

"कुणाचं नाही. मॅडमनी स्वतः सांगितलं."

"मग करा की," ती म्हणाली. मग हसली, पण हसू अर्ध्यात राहिलं. "अहो, तुम्ही आजवर माझ्यासाठी साड्या आणल्यात, औषधं आणलीत. एकदा माझ्यासाठी एक वाईट काम करा. एकच. दोनला सोडा."

"दोनला सोडतो."

"म्हणून दाखवा."

"एक, दोन. सोडली."

"हां," ती म्हणाली. "जमतंय की."

अठ्ठावीस तारखेला समितीचे पाच जण काचेबाहेर ओळीने उभे होते. मोठे साहेब त्यांना काहीतरी समजावून सांगत होते, आणि काचेतून आवाज येत नसल्यामुळे ते फार विद्वान दिसत होते. मॅडम आत, पडद्यापाशी. हेडक्लार्क सगळ्यांच्या मागे, टाचा उंचावून.

सुईकाका स्टुलावर बसले. चिप ठेवली. पट्टी उचलली, उलटी केली. इथपर्यंत लपवण्यासारखं काही नव्हतं. भिंगात डोळा घातला आणि बाहेरचं जग, समिती, साहेब, नऊ तासांचा रस्ता, सगळं त्या गोल उजेडाच्या कडेला जाऊन नाहीसं झालं. उरली चिपची कड, पट्टीची कड, आणि मधली फट.

फट जरा जास्त होती. ती त्यांनी कमी केली. हे करायची गरज नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर करून झालं होतं. गोंदाचा थेंब सोडला. थेंब चांगला पडला, गोल, जेवढ्यास तेवढा. असा थेंब महिन्यातून एखादाच पडतो. त्यांनी पट्टीला उलट्या बाजूला रेटा दिला. दिवा लावला.

एक.

गोंद आत कुठेतरी जागा होत असल्याचं सुईतून बोटाला कळलं. हे त्यांना नेहमीच कळायचं. यंत्राला कळत नव्हतं ते हेच.

दोन.

सोड, त्यांनी हाताला सांगितलं.

दोनला सोडली असती तर पट्टी डावीकडे घसरली असती. ती कशी घसरेल, गोंदाची कड कशी फाटल्यासारखी होईल, हे त्यांना आधीच दिसत होतं, आणि ते दृश्य त्यांना सहन होईना. कुणी आपल्या ताटात थुंकावं तसं. सोड, ते पुन्हा म्हणाले, या वेळी बायकोच्या आवाजात.

तीन.

हात ऐकत नव्हता. तो बंडही करत नव्हता. तो आपला शांतपणे काम करत होता, पंचवीस-तीस हजार वेळा केलं होतं तसं, आणि मालक कानाशी काय ओरडतोय याची त्याला कल्पनाच नव्हती.

चार. बोटं अलगद सैल झाली.

पाच, सहा, सात त्यांनी मोजले नाहीत.

पडद्यावर रेघ निघाली. तिसाशी वाकली. सुईकाका तिच्याकडे बघत नव्हते, मॅडमच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ एकाएकी ताठ झाली, आणि मग खांदे खाली आले. मॅडम वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो त्यांना लपवता येत नव्हता, आणि लपवता येत नाही याचंच दुःख त्यांना होत होतं.

"एकसष्ट," त्या म्हणाल्या. "काका, एकसष्ट आहे."

काचेबाहेर टाळ्या वाजत होत्या. आत काहीच ऐकू येत नव्हतं. पाच माणसं हातावर हात आपटत होती, डास मारावेत तशी. साहेब समितीला मिठ्या मारत होते. हेडक्लार्कने टाचा खाली टेकवल्या होत्या आणि तो टाळ्या वाजवत नव्हता.

जिन्याखाली येऊन सुईकाकांनी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"सांगा," बायको म्हणाली.

"जमलं गं."

त्यांना 'नाही जमलं' म्हणायचं होतं, म्हणजे दोनला सोडायला नाही जमलं. पण तोंडातून जे निघालं तेही खरंच होतं. तिला कळलं.

"किती आलं?" तिने विचारलं.

"एकसष्ट."

"ते चांगलं आहे का?"

"आजवर कुणाचं आलेलं नाही म्हणतात."

"मग छान झालं," ती म्हणाली. तो आवाज सुईकाकांच्या ओळखीचा होता. इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांशी ती त्याच आवाजात बोलायची, मऊ, नीटनेटका, सगळं काही आधीपासून ठाऊक असलेला. "खूप छान झालं. काही खाल्लंत का सकाळपासून?"

"खातो आता."

"खा. ठेवते."

त्यांनी खाल्लं नाही. समितीला आणखी एक जोडणी हवी होती, सोबत घेऊन जायला. ते पुन्हा वर आले, अंगरखा चढवला, मास्क बांधला, स्टुलावर बसले. सुई उचलण्याआधी त्यांनी उजवा हात दिव्याखाली धरून पाहिला. पाचही बोटं पसरली. हात जराही थरथरत नव्हता. थोडा तरी थरथरेल म्हणून ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

"काका?" बटण दाबून बाहेरून कुणीतरी म्हणालं. "सुरू करायचं?"